कोपर, कान आणि मेटल डिटेक्टर

मेटल डिटेक्टर म्हटले की आपल्याला मॉलचे दार आठवते, नाहीतर देवळाच्या रांगेत अंगावरून फिरणारी पोलिसाची काठी. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात मात्र लांब दांड्याचा डिटेक्टर घेऊन शेतात, माळावर किंवा समुद्रकिनारी जुनी नाणी नि सोन्याचे कण शोधत फिरणे हा हौसेचा उद्योग आहे. मुलाबाळांकडे सहा-सहा महिने राहायला जाणारी आपली निवृत्त मंडळी तिकडचे छंद उचलतात आणि कधीकधी त्यांच्यासोबत दुखणेही घेऊन परततात.

असेच एक निवृत्त शिक्षक उजवे कोपर धरून आमच्या ओपीडीत आले. मुलगा ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या बॅलारटजवळ राहतो. तो सगळा मुलूख जुन्या सोन्याच्या खाणींचा. तिथे ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना काढला की दहा वर्षे हौशी माणसाला परवानगीच्या जागी सोने शोधता येते. 1980 साली त्याच राज्यात एका हौशी माणसाला डिटेक्टरने 27 किलोंहून जड सोन्याचा गोळा सापडला होता. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाने तो ओळखला जातो. अशी गोष्ट ऐकल्यावर घरात कोण बसेल? गुरुजींनी एका परिचिताचे जुने, दणकट यंत्र घेतले आणि दोन महिने रोज तीन-चार तास ते फिरवले. सोने किती मिळाले हे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. टेनिस एल्बो मात्र नक्की मिळाला होता.

त्यांचा पुढचा प्रश्न मला आवडला. “डॉक्टर, पुढच्या खेपेला जाईन तेव्हा कुठलं मशीन घेऊ?” खिशात दोन-तीन यंत्रांच्या तुलनेचा कागदही होता. यंत्र किती खोल पाहते ते त्यात ठळक अक्षरांत, आणि वजन, आवाज व फिरवण्याचा वेग खाली बारीक अक्षरांत. माझे मत असे की पन्नाशीनंतर हा कागद खालून वर वाचावा. खोली हा यंत्राचा गुण आहे. पण वजन पेलणारा हात, आवाज ऐकणारा कान आणि वेग ठरवणारे मनगट यंत्रासोबत विकत मिळत नाही.

दुखणे वजनाचे होते, म्हणून आधी वजन. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या युझेफ कोसात्स्की या अभियंत्याने सुरुंग शोधण्याचे यंत्र बनवले आणि 1942 साली एल अलामेनच्या लढाईत ते वापरले गेले. त्याचे वजन जवळजवळ 14 किलो होते. त्या मानाने आजची हौशी यंत्रे म्हणजे पीसच. गॅरेट कंपनीचे एस 250 हे नवशिक्यांचे यंत्र सुमारे 1.2 किलोचे, त्याच कंपनीचे एटी प्रो सुमारे 1.4 किलोचे, मिनलॅबचे इक्विनॉक्स 800 हे 1.34 किलोचे आणि फ्रान्सच्या एक्सपी कंपनीचे डेउस एक किलोच्याही आत. सोन्यासाठीची खास यंत्रे जड असतात. मिनलॅबचे जीपीएक्स 6000 हे 2.1 किलोचे आहे, तर जुने जीपीएक्स 5000 हे 2.4 किलोचे आणि त्याची बॅटरी पाठीवर वेगळी.

आता कोणी म्हणेल, दोन किलो म्हणजे काय मोठेसे, भाजीची पिशवी त्याहून जड असते. पण पिशवी हाताला सरळ खाली लोंबते. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरणारी चकती, मुठीपासून जवळजवळ एक मीटर पुढे असते. ती अर्धा किलोची धरली, तरी एक मीटरवरच्या त्या अर्ध्या किलोचा मुठीवर पडणारा पीळ हा दहा सेंटीमीटरवर टांगलेल्या पाच किलोंइतका असतो. म्हणून नुसते एकूण वजन पाहून भागत नाही. वजन कुठे आहे ते पाहावे. बॅटरी आणि यंत्राची पेटी कोपराच्या मागे असेल तर ती कॉइलला तोलून धरते, आणि दीड किलोचे असे यंत्र कधीकधी पुढे झुकणाऱ्या सव्वा किलोच्या यंत्रापेक्षा हाताला हलके वाटते. दुकानात यंत्र उचलून पाहण्यात अर्थ नाही. कॉइल जमिनीपासून दोन बोटे वर ठेवून दहा मिनिटे डावी-उजवीकडे फिरवा. सहाव्या-सातव्या मिनिटाला कोपराच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू जे सांगेल ते खरे.

किती वेळा फिरवायचे याचाही हिशेब मांडू. डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे यायला दोन ते तीन सेकंद लावा, असे इक्विनॉक्सची पुस्तिका सांगते. अडीच सेकंद धरले तर तासाला 1,440 फेऱ्या. प्रत्येक फेरीत दिशा दोनदा बदलते, म्हणजे तासाला 2,880 झटके. तीन तासांत साडेआठ हजारांहून जास्त. मनगट मागे उचलून धरणारे स्नायू ज्या कंडराने कोपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेले असतात, त्या कंडरावर यातला प्रत्येक झटका पोहोचतो. चाळिशीनंतर हा कंडरा झिजेतून लवकर सावरत नाही, आणि त्यालाच आपण टेनिस एल्बो म्हणतो. तो होणाऱ्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट हातातही धरलेली नसते. आमच्याकडे येणाऱ्यांत खराट्याने रस्ते झाडणाऱ्या सफाई कामगार बायका पुष्कळ असतात. हालचाल तीच, दांडा तसाच लांब, फक्त “दुसरा कुठला खराटा घेऊ” असे विचारायची सोय त्यांना नसते.

या दुखण्यावर स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा आग्रह धरू नका. चार-सहा आठवडे बरे वाटते, पण वर्षभराने पाहिले तर इंजेक्शन न घेतलेल्यांची स्थिती अनेकदा चांगली असते. भार कमी करणे आणि मनगटाचे सावकाश, वाढत्या वजनाचे व्यायाम यांनी बहुतेकांचे कोपर वर्षभरात सुधारते. यंत्र फिरवताना मनगट स्थिर ठेवावे, कमरेतून वळावे आणि दर वीस मिनिटांनी हात बदलावा. दोन किलोंपुढचे यंत्र खांद्यावरच्या पट्ट्याला रबरी दोरीने टांगल्याशिवाय वापरूच नये.

वेगाचे गणित याहून रंजक आहे. कॉइलमधून सतत बदलणारा विद्युतप्रवाह जातो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांची खूण यंत्र परत पकडते. पण माती स्वतःही थोडी खूण देते, कारण तिच्यात लोहखनिज असते. मातीची खूण हळूहळू बदलते, नाण्याची एकदम उसळते. या फरकावरच बहुतेक हौशी यंत्रांची धातू ओळखण्याची पद्धत उभी आहे, म्हणून कॉइल हलती राहावी लागते. फार सावकाश नेली तर नाणे मातीत जमा होते. फार जोरात नेली तर वेगळीच अडचण येते.

समजा कॉइल सेकंदाला एक मीटर वेगाने चालली आहे आणि नाण्याच्या पाच सेंटीमीटर अलीकडे गंजका खिळा आहे. खिळ्यानंतर नाणे यायला एका सेकंदाचा विसावा भाग लागतो. खिळ्याच्या आवाजातून सावरायला यंत्राला त्याच्या दुप्पट वेळ लागत असेल, तर नाणे मुकाट्याने निघून जाते. हा सावरण्याचा वेग काही यंत्रांत बदलता येतो. इक्विनॉक्स 800 मध्ये त्याच्या आठ पायऱ्या आहेत, तर त्याच्या स्वस्त भावंडात, इक्विनॉक्स 600 मध्ये तीन. डेउसची ख्याती तर याच चपळाईसाठी आहे. पण पायरी वाढवली की खोली थोडी कमी होते, फुकट काही मिळत नाही. शिवाय खिळ्यांनी भरलेल्या जागी स्वस्त यंत्रवाल्याकडेही एक उपाय असतो, निम्म्या वेगाने चालण्याचा. यंत्राला दुप्पट वेळ मिळतो.

आणि इथे वेग नि कोपर यांची गाठ पडते. तेवढ्याच रुंदीत कॉइल निम्म्या वेगाने फिरवली, तर टोकाशी दिशा बदलायला लागणारे बळ निम्मे होत नाही, एक चतुर्थांश होते. म्हणजे सावकाश फिरवणाऱ्याला नाणीही जास्त मिळतात आणि कोपरही शाबूत राहते. गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मुलगा म्हणायचा, बाबा, तुम्ही कोयत्यासारखं चालवता.”

राहिला आवाज. हौशी यंत्रात पडदा असतो, आकडे असतात, पण सराईत माणूस काम करतो ते कानाने. ही परंपरा थेट टेलिफोनच्या जनकापर्यंत जाते. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू जवळ येताच टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये आवाज करणारे यंत्र तयार केले. यंत्र चांगले होते, परंतु गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय गोळी उजव्या अंगाला आहे या मतावर मुख्य डॉक्टर ठाम होते, त्यांनी शोधही तिथेच घेऊ दिला. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला निघाली. मधल्या काळात न धुतलेली बोटे जखमेत घालून डॉक्टरांनी जो पू वाढवला, त्याने 19 सप्टेंबरला अध्यक्षांचा जीव घेतला. आमच्या व्यवसायाच्या इतिहासातले हे पान काही अभिमानाचे नाही.

आजची यंत्रे साधारणपणे लोखंडाला खालच्या पट्टीचा आणि चांदी-तांब्याला वरच्या पट्टीचा आवाज देतात. वय वाढते तसे कानाचे वरचे सूर आधी जातात. ही हानी इतकी सावकाश होते की माणसाला तिचा पत्ता नसतो, घरच्यांना टीव्हीच्या आवाजावरून लागतो. ज्या यंत्रात सुरांची पट्टी खाली आणता येते, ते साठीतल्या कानासाठी जास्त खोल पाहणाऱ्या यंत्राहून उपयोगाचे. घेण्याआधी एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. सरकारी रुग्णालयात तिला फारसा खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट, काही साध्या यंत्रांत धातू असला की एकसारखा मोठा आवाज येतो. चांगल्या यंत्रांत खोलवरचे नाणे हलका आवाज देते, वरचे मोठा. एटी प्रोमध्ये दोन्ही सोयी आहेत. हलका आवाज जास्त माहिती देतो, पण तो ऐकू यायला कान हवा. तो ऐकण्यासाठी हेडफोनचा आवाज चढवला की वर पडलेला पत्र्याचा तुकडा कानाशी फटाक्यासारखा वाजतो. म्हणून मोठ्या आवाजाला मर्यादा घालणारा हेडफोन घ्या. 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतात, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. घरी आल्यावर कानात गुणगुण होत असेल तर मर्यादा ओलांडली आहे असे समजा.

तिसरी गोष्ट दुकानदार क्वचित सांगतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज एका सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक उशिरा पोहोचतो. मीटरभर वेगाने चाललेली कॉइल तेवढ्यात दहा-पंधरा सेंटीमीटर पुढे गेलेली असते आणि तुम्ही भलतीकडेच खणता. कमी विलंबाच्या ब्लूटूथला सुमारे 40 मिलिसेकंद लागतात, म्हणजे चूक चार सेंटीमीटरची. मिनलॅबच्या स्वतःच्या बिनतारी पद्धतीला त्याच्या निम्म्याहून कमी. वायरचा हेडफोन या बाबतीत अजूनही सरस आहे, पण तो काट्याकुट्यात अडकतो.

या सगळ्यानंतर गुरुजींना मी दीड किलोच्या आतले, मागे तोललेले, सुरांची पट्टी बदलता येणारे यंत्र आणि सोबत छोटी कॉइल सुचवली. सोन्याचे बारीक कण खडकाळ जमिनीत खोलवर शोधायला ते कमी पडेल, हेही सांगितले. दोन तास शांतपणे फिरता आले तर मला ते जास्त मोलाचे वाटते. पेसमेकर बसवलेल्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हे यंत्र घेऊ नये, आणि हेडफोनमध्ये चुंबक असतात, तेव्हा ते काढून छातीवर लोंबकळत ठेवू नयेत. खणताना हातमोजे हवेत. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर आधी ती घ्यावी, कारण सापडणाऱ्या वस्तूंत सोन्यापेक्षा गंजके खिळे कितीतरी जास्त असतात.

यंत्र इकडे आणून गडावर न्यायचा मोह मात्र टाळावा. 2025 च्या मार्चमध्ये ‘छावा’ चित्रपट पाहून मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेते खणत होते, पोलिसांना धावावे लागले. संरक्षित स्मारकात विनापरवाना खणणे गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात नांगराला पुरलेले जुने धन लागले तरी 1878 चा निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि लपवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.