रसिकतेचे तास

पुस्तकवेड्या माणसाविषयी आपल्याकडे एक ठरीव समजूत आहे. त्याच्या घरी पुस्तकांची कपाटे असतात, वडिलार्जित संस्कार असतात, सुटीच्या सकाळी तो पुस्तकांच्या दुकानात रमतो आणि रात्री गाणे ऐकतो. कामकरी माणसाला मात्र याची चाड नाही, असे पुष्कळदा बोलून दाखवले जाते. आम्ही गिरणगावात वाढलो. शाळा नववीत सुटली. पुढची तीसएक वर्षे कामगार संघटनेत गेली. आमचे म्हणणे एवढेच की, रसिकता ही जन्मासोबत मिळणारी चीज नव्हे. तिला तीन गोष्टी लागतात: मोकळा वेळ, परवडणारे पुस्तक आणि सोबती.

प्रथम वेळेचे पाहू. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत, आणि हक्काची साप्ताहिक सुटी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधू’ पत्र मुंबईत चालवावयास घेतले, १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. सुटी मागणारा पुढारी वर्तमानपत्रही चालवीत होता, हा काही योगायोग नव्हे. पुढे कायद्याने गिरणीतील प्रौढ पुरुषांचा दिवस १९११ मध्ये बारा तासांवर, १९२२ मध्ये अकरा तासांवर आणि १९३४ मध्ये दहा तासांवर आणला. १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा होती. यातला एकेक तास भांडून घेतलेला आहे. त्या तासात कोणी झोपले, कोणी पत्ते कुटले. आणि कोणी वाचले.

कसे वाचले? चाळीच्या एका खोलीत गावाकडचे पंधरा-वीस गडी पाळीपाळीने राहत. सर्वांना अक्षर येत नसे. म्हणून एकाने मोठ्याने वाचावयाचे आणि इतरांनी ऐकावयाचे. लेखक आवडला तर चर्चा, न आवडला तर शिव्या! आमचे पहिले वाचनालय म्हणजे अशीच एक खोली. पुस्तकाला सोबती लागतात म्हणतो ते याच अर्थाने.

अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, तरी त्यातला एक तपशील विसरला जातो. वाटेगावचा हा मुलगा शाळेत जेमतेम दीड दिवस गेला. मुंबईत आल्यावर त्याने अक्षरे गिरवली ती दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके वाचून. आपण ज्यांना करमणुकीचे कागद म्हणतो तीच त्याची बाराखडी! १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा गाणेही कामगारांच्या सभेत आले. १९५९ मध्ये ‘फकिरा’ ही कादंबरी आली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. साहित्य, सिनेमा आणि गाणे ही आमच्याकडे तीन वेगळी दालने नव्हतीच. एकाच रस्त्यावरची ती तीन दारे होती.

आता पुस्तकाच्या किमतीचे. आमच्या तरुणपणी मॉस्कोच्या प्रगती व रादुगा प्रकाशनांची मराठी पुस्तके मिळत. छपाई देखणी, बांधणी पक्की, आणि किंमत चहा-भज्यांच्या हिशेबातली. त्यांचा खर्च सोव्हिएत सरकार सोसे, आणि त्यामागे त्याचा हेतू होता, हे आम्हांला कळत होते. पण गॉर्की, टॉलस्टॉय आणि चेखव कामगाराच्या हाती आले ते त्या किमतीमुळेच. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो झरा आटला. मग राहिला फोर्टातला पदपथ. जुन्या पुस्तकांच्या त्या ढिगाऱ्यांपाशी उकिडवे बसून आम्ही जे शिकलो, ते कोणत्याही वर्गात शिकलो नसतो.

ही तीन साधने काढून घेतली तर काय होते, तेही आम्ही पाहिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे वडील मागावर होते. घरातून आधी पितळेची भांडी गेली, मग रेडिओ, आणि शेवटी पुस्तके किलोच्या भावाने रद्दीत गेली. वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, खोल्या रिकाम्या झाल्या, वाचणारे आणि ऐकणारे पांगले. माणसांची आवड मेली नव्हती. तिचे छप्पर गेले होते.

आज आमच्या संघटनेत पहारेकरी आहेत, कंत्राटी सफाई कामगार आहेत. कित्येकांची पाळी बारा तासांची, वर येण्याजाण्याचे दोन-तीन तास. मागे एका तरुण सभासदाचा रातपाळीत पुस्तक वाचताना सापडल्याबद्दल दिवसाचा पगार कापला गेला. मालकाशी आम्ही भांडलो आणि पैसे परत मिळवले. परंतु पोरगा म्हणाला, “साहेब, पैशांचं जाऊ द्या. पुस्तक पुन्हा न्यायला हरकत नाही ना, तेवढं विचारा.” याला रसिक म्हणावयाचे नाही, तर कोणाला?

श्रोतेहो, महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. गावोगावी वाचनालये आहेत. पण कामगार सुटतो त्या वेळी ज्याला कुलूप असते, ते वाचनालय त्याच्यापुरते नसल्यासारखेच. आपल्यापैकी अनेक जण अशा संस्थांचे सभासद आहेत, काही पदाधिकारी आहेत. आमची मागणी मोठी नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी दार रात्री दहापर्यंत उघडे ठेवा, आणि वर्गणी हप्त्याने घ्या. बाकीचे वाचक पाहून घेतील.