भाडे बंगल्याचे, भार गावाचा

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या मोटारींची रीघ आता केवळ लोणावळा-महाबळेश्वरच्या हॉटेलांकडे वळत नाही. मुळशी, मावळ, कर्जत, इगतपुरी, अलिबाग अशा तालुक्यांतील आडवाटेच्या गावांत, वस्तीपासून दूर उभारलेले बंगले दोन-तीन रात्रींसाठी सबंधच्या सबंध भाड्याने घेण्याची प्रथा मध्यमवर्गात चांगलीच रूढ झाली आहे. कधी चार स्नेही कुटुंबे, कधी महाविद्यालयातील जुनी मित्रमंडळी, तर कधी तीन पिढ्यांचे गोत अशा एका छपराखाली जमते. ही निव्वळ चैन आहे असे म्हणून नाक मुरडणे सोपे असले, तरी ते न्याय्य ठरणार नाही.

एके काळी मे महिना उजाडला की चाळीतील बिऱ्हाडे गावच्या घराकडे धाव घेत. पडवीत पथाऱ्या पडत, मागीलदारी पंगती उठत आणि वर्षभर न भेटलेली चुलत-मावस भावंडे एकत्र नांदत. पुढे वाटण्या झाल्या, घरे बंद पडली वा विकली गेली. शहरातील दोन खोल्यांच्या सदनिकेत सारे गणगोत मावणे शक्य नाही. हॉटेलात ते क्रमांकांच्या खोल्यांत विखुरले जाते. भाड्याचा बंगला हा या हरवलेल्या वडिलोपार्जित घराचा पर्याय होय. तथापि जुन्या घराबरोबर गावकीही वारशाने येत असे. विहिरीचे पाणी किती उपसावे, देवळाच्या वर्गणीत किती भर घालावी, कोणाच्या बांधावरून जावे आणि कोणाच्या नाही, याचे भान त्या घरातील पाहुण्यालाही ठेवावे लागे. भाड्याने घर मिळते. गावकी मिळत नाही. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

वर्गणीचे गणित

या व्यवहाराचे आर्थिक आकर्षण उघड आहे. समजा, एका बंगल्याचे दोन रात्रींचे भाडे चाळीस हजार रुपये आहे आणि मंडळी वीस आहेत. तर माणशी एका रात्रीस एक हजार रुपयेच पडतात. भाडे घराचे असते, डोक्यांचे नसते. म्हणून माणसे वाढतील तसतसा दरडोई खर्च उतरत जातो आणि वर्गणी काढणारा साहजिकच आणखी चार जणांना गळ घालतो. पण पाणी, सांडपाणी, कचरा, रस्त्यावरील वाहने व रात्रीचा गोंगाट यांचे प्रमाण मात्र डोक्यांच्या संख्येनेच वाढते. म्हणजे ज्या गणिताने पाहुण्याचा खर्च घटतो, त्याच गणिताने गावाचा बोजा वाढतो. व्यवहारातील दोन्ही पक्षांखेरीज तिसऱ्याच्याच माथी पडणाऱ्या अशा खर्चाकडे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले होते. करारावर मालक व भाडेकरू यांची नावे असतात. गाव हा तो तिसरा पक्ष.

हा खर्च सर्वांत तीव्रपणे जाणवतो तो पाण्याच्या बाबतीत. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. पण उतार तीव्र आणि खालचा काळा पाषाण कठीण असल्याने ते पाणी वाहून जाते. परिणामी पावसाळ्यात ओल्याचिंब असणाऱ्या अनेक वाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहण्याची वेळ येते. नेमका तोच काळ शाळांच्या सुट्ट्यांचा! मग एका बाजूला हंड्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला खोल विंधन विहिरीच्या पाण्याने भरलेला पोहण्याचा हौद, असे विपरीत दृश्य दिसू शकते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती अशी.

या भूमीचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला हा विरोधाभास अधिकच बोचेल. ज्या मुळशी जलाशयाचे दृश्य खिडकीतून दिसावे म्हणून जादा भाडे मोजले जाते, त्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता आणि त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. पवना धरणाच्या विस्थापितांचा पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. त्याच धरणाचे पाणी बंद नळाने शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकऱ्यांचे प्राण घेतले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्याच वारसांपैकी कोणी काठावरच्या बंगल्याची राखण करीत असेल, तर त्याला रोजगार मिळाला एवढ्यावर समाधान मानता येईल काय?

गावाच्या पदरात काय?

रोजगार मिळतो हे नाकारण्याचे कारण नाही. राखणदार, माळी, चुलीवर भाकरी थापून देणाऱ्या बाया, दूध-भाजी पुरविणारा शेतकरी, यांच्या हाती पैसा येतो आणि तो मोलाचा असतो. परंतु भाड्याचा मोठा वाटा शहरातील मालकाकडे आणि आरक्षण करून देणाऱ्या कंपनीकडे जातो. वस्तू व सेवा कर लागला, तरी तो जमा होतो केंद्राच्या व राज्याच्या तिजोरीत. ग्रामपंचायतीला मिळते ती घरपट्टी. आणि वर्षभरात त्या छपराखाली दहा माणसे राहिली की दोन हजार, याचा त्या घरपट्टीला पत्ताही नसतो. कचरा उचलायचा मात्र पंचायतीनेच.

यावर बंदी हा उपाय नव्हे. बंदीने राखणदाराची चूल विझेल आणि व्यवहार चोरून चालू राहील. माथेरानला येणाऱ्या प्रवाशाकडून तेथील नगर परिषद प्रवेशाच्या वेळीच कर घेते. ग्रामपंचायतींसंबंधीच्या १९५८ च्या अधिनियमातही यात्राकराची तरतूद आहे. देवदर्शनाला येणाऱ्या वारकऱ्याकडून कर घेणे ज्या कायद्याला गैर वाटले नाही, त्याच्या कक्षेत विश्रांतीसाठी येणाऱ्या सुखवस्तू पाहुण्यालाही आणावयास काय हरकत आहे? दर माणशी, दर रात्री अल्पसा आकार बसवावा. तो थेट ग्रामपंचायतीकडे जमा व्हावा आणि पाणी व स्वच्छता यांवरच खर्च व्हावा. अशा प्रत्येक बंगल्याची नोंद पंचायतीत असावी आणि उन्हाळ्यातील पाणीउपशाची मर्यादा ग्रामसभेने ठरवावी. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून आणि विंधन विहिरींच्या पाण्यावरील शेतीला आळा घालून गाव हे करू शकते, हे दाखवून दिले आहे. २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. शेतकरीच यजमान असेल अशा या मार्गाला बळ दिले, तर भाड्याचा मोठा हिस्सा गावातच राहील.

कायद्याची वाट पाहत बसण्याचे मात्र पाहुण्यांना कारण नाही. अनामत रक्कम भरण्यापूर्वी बंगल्याला पाणी कोठून येते, कचरा कोठे जातो आणि स्वयंपाकाचा शिधा गावातून घेतला जातो की शहरातून, हे तीन प्रश्न त्यांनी मालकाला अवश्य विचारावेत. भाडे ठरविताना हजार-पाचशेंची घासाघीस करणाऱ्यांनी एवढी चौकशी केली, तर मालकांनाही त्याची दखल घ्यावी लागेल. वीस जणांच्या वर्गणीत एकविसावी वर्गणी गावाच्या नावाने धरली, तर कोणाच्याच खिशाला ती जड होणार नाही.