लसणाचा दर्प, लिंबाचा कडवटपणा : भोकरदनच्या बांधावरील कीडरोधक वनस्पती

केळणा नदीकाठचे भोकरदन आज जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असले, तरी सातवाहनकाळात ते ‘भोगवर्धन’ या नावाने ओळखले जाणारे संपन्न व्यापारी नगर होते आणि सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या नगराचे नाव कोरलेले आढळते. नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी १९७३ साली येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी सिद्ध केलेल्या त्याच्या अहवालात येथील वनस्पती-अर्थव्यवस्थेचा, म्हणजे त्या काळच्या लोकांनी पिकविलेल्या व वापरलेल्या धान्य-वनस्पतींचा, म. दा. काजळे यांनी स्वतंत्र विचार केला आहे. जेथे धान्य साठते तेथे किडा येतो आणि जेथे गुरे बांधली जातात तेथे गोचीड येतो. त्यामुळे किडीपासून पीक, धान्य आणि जनावर राखण्याचा प्रश्न या भूमीला तिच्या वस्तीइतकाच जुना आहे.

आजच्या भोकरदन तालुक्यात कापूस, सोयाबीन, मका ही पिके सर्वत्र दिसतात, आणि पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावच्या बाजारामुळे हा भाग हिरव्या मिरचीसाठी ओळखला जातो. मिरचीवर फुलकिडे व कोळी, कापसावर मावा, तुडतुडे व बोंडअळी, गोठ्यात गोचीड आणि घरात डास अशी या कष्टकरी जीवनाला लागलेली किडींची साखळी आहे. ती तोडण्यासाठी गेल्या अर्धशतकात रासायनिक औषधांवर जी भिस्त ठेवली गेली, तिची किंमत २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याने मोजली. तेथे फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. या पार्श्वभूमीवर लसूण, लिंब (कडुलिंब), निरगुडी, करंज, वेखंड या परिचित वनस्पतींकडे पुन्हा पाहिले जात आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र जुने ते सारे गुणकारी आणि झाडपाल्याचे ते सारे निरुपद्रवी, या दोन्ही समजुती बाजूला ठेवून, या वनस्पती नेमके काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे समजून घेणे आवश्यक आहे.

वनस्पतींचे स्वसंरक्षण

वनस्पतीला शत्रूपासून पळून जाता येत नाही, म्हणून ती आपल्या पानांत, बियांत, सालीत आणि कंदांत अशी द्रव्ये साठविते की जी खाणाऱ्याला नकोशी वाटावीत किंवा बाधावीत. या द्रव्यांचे परिणाम तीन प्रकारचे असतात. काही द्रव्ये केवळ आपल्या वासाने किडीला दूर ठेवतात, त्यांना कीडरोधक किंवा प्रतिकर्षक म्हणता येईल. काही द्रव्यांमुळे कीड पानावर बसते परंतु ते खात नाही, त्यांना भक्षणरोधक म्हणतात. आणि काही द्रव्ये किडीच्या शरीरात जाऊन तिचा प्राण घेतात, ती खऱ्या अर्थाने कीटकनाशक होत. हा भेद शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण प्रतिकर्षक फवारल्यानंतर झाडाखाली मेलेल्या किडींचा सडा दिसण्याची अपेक्षा करणे चुकीचे ठरते आणि तो दिसला नाही म्हणून औषध निकामी आहे असा निष्कर्ष काढणे त्याहून चुकीचे ठरते.

लसूण : ठेचल्यावर जागे होणारे द्रव्य

लसणाची अखंड पाकळी जवळजवळ गंधहीन असते, हे प्रत्येक स्वयंपाकघरात अनुभवास येते. पाकळीच्या पेशींत ‘ॲलिइन’ नावाचे गंधकयुक्त द्रव्य आणि ‘ॲलिइनेज’ नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, अशी दोन्ही निरनिराळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही क्षणांत ‘ॲलिसिन’ हे उग्र वासाचे द्रव्य तयार होते, ज्याचा शोध अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी १९४४ साली लावला. ॲलिसिन अस्थिर असल्यामुळे त्याचे लवकरच डायअलाइल डायसल्फाइड, डायअलाइल ट्रायसल्फाइड इत्यादी गंधकयुक्त संयुगांत रूपांतर होते आणि लसणाचा टिकून राहणारा दर्प प्रामुख्याने याच संयुगांचा असतो.

या संयुगांच्या कीटकनाशक गुणाचा निर्णायक पुरावा महाराष्ट्रातच मिळाला, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील आमोणकर आणि बॅनर्जी या शास्त्रज्ञांनी लसणातील डासांच्या अळ्या मारणारे द्रव्य वेगळे काढले, ते वर सांगितलेली दोन संयुगेच असल्याचे दाखविले आणि १९७१ साली ‘सायन्स’ या जगन्मान्य साप्ताहिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजीच्या बटव्यातील लसणाला रसायनशास्त्राच्या भाषेत ओळख मिळवून देणारे हे काम होते.

लसणाची मर्यादाही त्याच्या रसायनातच दडलेली आहे. ही संयुगे बाष्पनशील, म्हणजे हवेत उडून जाणारी, असल्याने उन्हात आणि वाऱ्यात त्यांचा प्रभाव लवकर ओसरतो. म्हणून लसणाचा अर्क ताजा करावा लागतो, लसूण उकळण्यापूर्वी ठेचून थोडा वेळ ठेवावा लागतो (अखंड पाकळ्या उकळल्यास विकर उष्णतेने नष्ट होऊन ॲलिसिन तयारच होत नाही) आणि फवारणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

गोठ्यातील गोचीड

गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, तर पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात, आणि प्राणिशास्त्रात त्याची गणना विंचू व कोळी यांच्या वर्गात होते. मिरचीच्या पानांचा रस शोषणारी कोळी ही कीडही याच वर्गातली, म्हणून भोकरदनच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातला आणि मिरचीच्या वाफ्यातला असे हे दोन शत्रू एकमेकांचे दूरचे भाऊबंदच होत. गोचिडाच्या पुढच्या पायांवर ‘हॅलरचे इंद्रिय’ नावाचा सूक्ष्म खळगा असतो, ज्याच्या साहाय्याने तो जनावराच्या उच्छ्वासातील कर्बवायू, अंगाचा वास आणि ऊब ओळखतो. उग्र वासाच्या वनस्पती ही ओळख बिघडवितात, हेच त्यांच्या प्रतिकर्षक गुणाचे मर्म आहे.

गुरांवर सर्वत्र आढळणाऱ्या ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या जातीचा गोचीड अळीपासून प्रौढावस्थेपर्यंत एकाच जनावरावर सुमारे तीन आठवडे राहतो. नंतर रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि गोठ्याच्या फटीत किंवा मातीत दोन ते तीन हजार अंडी घालते. जनावराच्या अंगावर दिसणारे गोचीड हे संकटाचे केवळ वरचे टोक असून उरलेले संकट भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली आणि कुडाच्या सांध्यांत लपलेले असते. थायलेरिओसिस, बॅबेसिओसिस (ज्यात लघवी लाल होते) आणि ॲनाप्लाज्मोसिस हे जनावरांचे घातक रोग गोचीड पसरवितात. देशी गाईंपेक्षा संकरित गाईंना त्यांचा त्रास अधिक होतो. शिवाय सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन या प्रचलित औषधांना न जुमानणारे गोचीड भारताच्या अनेक भागांत आढळले आहेत.

आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पारंपरिक पशुवैद्यकातील जे उपाय दूध उत्पादकांपर्यंत पोहोचविले, त्यांत गोचिडावरच्या मिश्रणात लसणाला पहिले स्थान आहे. लसणाच्या दहा पाकळ्या, कडुलिंबाचा पाला एक मूठ, निंबोळ्या एक मूठ, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला एक मूठ आणि तुळशीची पाने एक मूठ हे सारे एकत्र वाटून त्यात एक लिटर स्वच्छ पाणी घालावे, कापडाने गाळावे आणि जनावराच्या सर्वांगावर फवारावे किंवा फडक्याने लावावे, असा हा उपाय आहे. तो दिवसाच्या उबदार वेळी करावा, गोचीड हटेपर्यंत आठवड्यातून एकदा पुन्हा करावा आणि तेच पाणी गोठ्याच्या भेगांतही मारावे, असे सांगितलेले आहे. गोचिडाचा जनावरावरील तीन आठवड्यांचा मुक्काम लक्षात घेतला की आठवड्याच्या पुनरावृत्तीमागचे शास्त्र उमगते, कारण एका फवारणीतून सुटलेली पिढी पुढच्या फवारणीत सापडते. लसणाचा वास दुधाला चटकन लागतो, म्हणून हे काम धार काढून झाल्यावर करणे श्रेयस्कर. आणि घाणेरीचा पाला पोटात गेल्यास गुरांच्या यकृताला अपाय करतो, म्हणून त्याचा चोथा गव्हाणीपासून दूर टाकणे अगत्याचे आहे.

शेतातील लिंब आणि दशपर्णी

मराठवाड्यात ज्याला नुसते ‘लिंब’ म्हणतात त्या कडुलिंबाचे सामर्थ्य टोळधाडीने जगाच्या लक्षात आणून दिले. सुदानमध्ये १९५९ साली टोळांनी सारी हिरवळ फस्त केली असता कडुलिंबाची झाडे तेवढी शिल्लक राहिल्याचे हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचे विरळ द्रावण फवारलेले पीक टोळ खात नाहीत, हे १९६२ च्या टोळधाडीत दाखवून दिले. आणि या गुणाचे मूळ असलेले ‘ॲझाडिरॅक्टिन’ हे द्रव्य १९६८ साली वेगळे करण्यात आले. ते भक्षणरोधक तर आहेच, शिवाय किडीची कात टाकण्याची क्रिया बिघडवून तिची वाढ खुंटविते. निंबोळीपासून केलेल्या बुरशीनाशकाचे अमेरिकन कंपनीला मिळालेले युरोपीय पेटंट भारताच्या बाजूने झालेल्या विरोधामुळे २००० साली रद्द झाले व २००५ साली तो निर्णय कायम झाला, याला या झाडाविषयीचे आपल्या देशाचे पूर्वापार ज्ञान कारणीभूत होते.

पाच टक्के निंबोळी अर्काची कृती साधी आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस गोळा करून सावलीत वाळविलेल्या निंबोळ्यांची पाच किलो भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण मिश्रण शंभर लिटर करावे. सूर्यप्रकाशात ॲझाडिरॅक्टिनचे विघटन होत असल्याने फवारणी संध्याकाळी करावी आणि अर्क त्याच दिवशी संपवावा.

दशपर्णी अर्क हा याच परंपरेचा विस्तार होय. त्यात कडुलिंबाच्या पाच किलो पाल्याबरोबर निरगुडी, करंज, सीताफळ, एरंड, रुई, पपई, घाणेरी, गुळवेल, कण्हेर यांचा प्रत्येकी दोन किलो पाला, दोन किलो हिरव्या मिरचीचा ठेचा, पाव किलो लसूण, तीन किलो शेण आणि पाच लिटर गोमूत्र दोनशे लिटरच्या पिंपात पाण्यात घालून, रोज ढवळत, महिनाभर आंबविले जाते. या यादीतील बहुतेक पाला भोकरदनच्या बांधावर आणि ओढ्याकाठी मिळतो आणि मिरची तर येथील ओळखीचे पीकच आहे, म्हणून या उपायाला लागणारे भांडवल पैशाचे नसून श्रमाचे आणि सातत्याचे आहे.

धान्य आणि घर

धान्यात लिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवण्याची रीत सर्वपरिचित आहे. कडधान्याला खाद्यतेल चोळण्याची रीत तितकीच शास्त्रशुद्ध असून, किलोमागे सुमारे पाच मिलिलिटर तेलाचा पातळ थर दाण्यावर चिकटविलेल्या भुंगेऱ्याच्या अंड्यांची हवा तोडतो. डासांच्या बाबतीत गवती चहा व सिट्रोनेला यांची तेले तासा-दोन तासांत उडून जातात. याउलट लिंबूसारख्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे ‘पीएमडी’ हे द्रव्य बराच वेळ टिकते आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००५ पासून त्याची शिफारस केली आहे.

मर्यादा आणि सावधगिरी

लसूण खाल्ल्याने डास व गोचीड दूर राहतात, ही समजूत मात्र तपासून घ्यावी लागते. स्वीडनमधील सैनिकांनी रोज १,२०० मिलिग्रॅम लसूण घेतल्यावर गोचिडाचे दंश सुमारे एक-पंचमांशाने घटल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. परंतु अमेरिकेत डासांवर झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लसूण खाणारे आणि न खाणारे यांच्यात फरक आढळला नाही. म्हणून सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून आढळणाऱ्या माकडतापासारख्या, गोचिडामुळे होणाऱ्या जीवघेण्या रोगाच्या क्षेत्रात लसणावर विसंबणे धोक्याचे आहे. तेथे अंगभर कपडे, आरोग्य विभागाने दिलेले प्रतिकर्षक तेल आणि रानातून परतल्यावर अंग तपासणे हेच खरे उपाय होत.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्विष, हेही खरे नाही. उवांसाठी वापरली जाणारी सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा करते. रुईचा चीक डोळ्याला तितकाच घातक आहे. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन कातडीतून शरीरात शिरते. कण्हेर हृदयावर परिणाम करते. आणि लसूण खाऊ घातल्यास कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. म्हणून हे अर्क करताना व फवारताना हातमोजे, तोंडाला फडके आणि डोळ्यांना चष्मा वापरावा, जनावराच्या अंगावर आधी लहानशा जागी लावून पाहावे, आणि ताप, लाल लघवी किंवा खाणे सोडणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे.

वनस्पतींचे हे उपाय कीड कमी असताना, वेळेवर, योग्य प्रमाणात आणि पुन्हा पुन्हा केले तरच फळ देतात. कीड माजल्यावर एकदा शिंपडून चमत्काराची वाट पाहणाऱ्याला ते निराश करतात. आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या दिवशी, घरोघर गाय-वासराची पूजा होते आणि पावसाळ्यात वाढलेले गोचीड नेमके याच सुमारास जनावराच्या अंगावर ठाण मांडून असतात. तेव्हा भोकरदनच्या, आणि अवघ्या महाराष्ट्राच्या, पशुपालकांनी गाईला कुंकू लावण्याआधी तिच्या कानामागे, गळ्याच्या पोळीखाली आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून पाहावा, आणि गोचीड हाताला लागल्यास दुसऱ्या दिवशी, सकाळची धार काढून ऊन चढल्यावर, लसणाच्या दहा पाकळ्या ठेचायला घ्याव्यात.