वारुळाचा श्वास

नागपंचमीला आपण वारुळाची पूजा करतो ती नागोबासाठी. तो मात्र आयत्या बिळावरचा. वारूळ बांधते ती वाळवी. तिच्या या बांधकामावरून आफ्रिकेत एक मोठी इमारत सुचली. ज्या समजुतीवरून सुचली ती समजूत पुढे डळमळली, तरी इमारतीचे काम अडले नाही. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

झिम्बाब्वेची राजधानी हरारे सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. दिवस उबदार, रात्री गार. तेथे १९९६ साली ‘ईस्टगेट सेंटर’ हे कार्यालये आणि दुकानांचे संकुल उभे राहिले. नेहमीच्या वातानुकूलनाशिवाय ते गार ठेवायचे होते. वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांनी वारूळ डोळ्यांपुढे ठेवले. वसाहतीच्या उष्णतेने हवा वर चढते, भिंतीलगत गार होऊन खाली उतरते आणि आतले तापमान स्थिर राहते, असे स्विस शास्त्रज्ञ मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ साली मांडले होते.

ईस्टगेटमध्ये रात्री पंखे बाहेरची गार हवा मजल्यांखालच्या पोकळ्यांतून खेळवतात. जड काँक्रीट गार होते आणि दुसऱ्या दिवशी आत येणाऱ्या हवेतली उष्णता शोषून घेते. तापलेली हवा छपरावरच्या धुराड्यांतून निघून जाते. खिडक्या लहान आणि सावलीत आहेत. वायुवीजनाला लागणारी ऊर्जा तशाच वातानुकूलित इमारतीच्या सुमारे एक दशांश असल्याचे सांगितले जाते.

पुढे जीवशास्त्रज्ञ जे. स्कॉट टर्नर यांनी नामिबियातल्या वारुळांत मोजमापे घेतली. घरट्याचे तापमान भोवतालच्या मातीबरोबर ऋतूनुसार बदलत होते. टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी २००८ साली मांडले, की वारुळाचे काम फुप्फुसासारखे आहे. आतल्या असंख्य वाळव्या आणि त्यांनी जोपासलेली बुरशी यांना प्राणवायू लागतो. बाहेरच्या वाऱ्याच्या झुळकांवर ही देवघेव चालते.

२०१५ साली एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूतल्या वारुळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती वाळवी आपल्या महाराष्ट्रातही आढळणारी. या वारुळांना बाहेरून पातळ कंगोरे असतात. दिवसा कंगोऱ्यांतली हवा आधी तापून वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री कंगोरे आधी निवतात आणि प्रवाह उलटतो. त्यावर साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

म्हणजे ईस्टगेट आणि हे वारूळ यांच्यातले खरे नाते दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाशी आहे. एक त्यावर गारवा साठवते, दुसरे श्वास घेते. ही सूर्याने रोज फुकट दिलेली ऊर्जा आहे.

निसर्गाचे अनुकरण करताना आकार चटकन डोळ्यांत भरतो. त्यामागची परिस्थिती शोधावी लागते. ईस्टगेट उचलून मे महिन्यातल्या मुंबईत ठेवले, तर त्या दमट, उबदार रात्रींत काँक्रीट निवणारच नाही. देशावर मात्र नाशिक-पुण्याकडे कोरड्या ऋतूतल्या रात्री उतरतात. जाड भिंतींच्या आणि मधल्या चौकाच्या वाड्यांना या फरकाचा लाभ मिळत असे. आज त्याच शहरांत काचेच्या इमारती उभ्या राहतात आणि दिवसभर यंत्रांनी गार ठेवाव्या लागतात. तिथली गार रात्र वापराविना निघून जाते.