कान्हेरीची माकडे आणि आपले आरोग्य

बुद्धपौर्णिमा असो की शाळेची सुट्टी, वांद्र्याहून लोकलने बोरिवली आणि तिथून राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी, असा प्रवास करणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. घरी आल्यावर मुलांच्या गप्पांत माकडाने डबा पळवल्याची गोष्ट हमखास असते. ती आपण हसण्यावारी नेतो. पण माकडाने ओरबाडले किंवा चावा घेतला, तर तो विषय आरोग्याचा होतो.

लेण्यांच्या पायऱ्यांवर दिसते ते सहसा लाल तोंडाचे माकड. त्यातल्या एका जातीच्या डोक्यावरचे केस टोपीसारखे पसरलेले असतात. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. तो मुख्यतः पाने खातो आणि पाने पचवण्यासाठी त्याचे पोट अनेक कप्प्यांचे असते. पाव-बिस्किटे त्या पोटासाठी नाहीत.

‘माणूस माकडापासून झाला’ असे आपण सर्रास म्हणतो, ते बरोबर नाही. आपले आणि या माकडांचे पूर्वज एकच होते. सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या. म्हणजे ते आपले आजोबा नव्हेत, दूरचे चुलत भाऊ. रक्तगटापुढे आपण ‘आरएच पॉझिटिव्ह’ लिहितो, त्यातला आरएच हा ऱ्हीसस माकडाच्या नावावरूनच आला. नाते जवळचे, म्हणून काही आजारही सामाईक. आपला क्षय माकडांना होऊ शकतो. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची साथ आली, तेव्हा माकडे आणि माणसे दोन्ही दगावली. तो ताप गोचिडीच्या चाव्याने येतो. कोकणात गाव असलेल्यांनी काजूच्या दिवसांत रानात जाताना अंगभर कपडे घालावेत आणि मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्रात कळवावे.

आता चाव्याकडे येऊ. माकड उगाच चावत नाही. त्याच्या भाषेत डोळ्याला डोळा भिडवणे म्हणजे धमकी. तोंड उघडून रोखून पाहणे हीसुद्धा धमकीच. आपण कौतुकाने टक लावून पाहतो, मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरतो, आणि ते चिडते. पिल्लाजवळ गेलो तर आई धावून येणारच. खाणे हातात दिसले की घाई वाढते, कारण या माकडांच्या गालांत पिशव्या असतात. मिळेल ते आधी गालात कोंबायचे आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश चावायचे, ही त्यांची रीत. माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात. पिशवी हिसकावली की खाऊ मिळतो, हे आईने शिकले की पिल्लेही पाहून शिकतात. ही सवय आपणच लावली आहे. पुण्य म्हणून केळी-चणे टाकणाऱ्यांना आम्ही स्पष्टच सांगतो, यात ना पुण्य आहे ना करुणा. उद्यानात प्राण्यांना खाऊ घालायला मनाईच आहे.

चावा किंवा रक्त आलेला ओरखडा असेल, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. पंधरा म्हणजे घड्याळात पाहून पंधरा. रेबीजच्या विषाणूला चरबीचे आवरण असते, ते साबणाने फुटते. हळद, चुना, तिखट, अंगारा यातले काहीही लावू नका. माकडापासून रेबीज क्वचित होतो, पण एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकायला सहसा काही आठवडे घेतो. लस काम करते ती याच अवधीत, म्हणून ‘बघू उद्या’ म्हणायचे नाही.

त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात जा. वांद्रेकरांना भाभा रुग्णालय जवळ आहे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावे लागते, तेव्हा ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा. लस कातडीत दिली तर पहिल्या दिवसानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी पुन्हा जावे लागते. दंडाच्या स्नायूत दिली तर १४ वा दिवसही असतो. जखम भरली म्हणून पुष्कळजण शेवटचा डोस सोडून देतात. तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि रुग्णालयाचा कागद जपून ठेवा; पुढे पुन्हा कुत्रा-माकड चावले तर त्यावरून कमी डोस पुरतात.