थोडक्या नमुन्यांवरून पिकाची ओळख

पेरा किती क्षेत्रात झाला हे सुगीपूर्वीच कळले, तर धान्याचा अंदाज वेळेवर बांधता येतो. परंतु कोवळी रोपे उंचावरून ओळखावयाची कशी? १२ जून १९९२ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या वायव्य भागाचे विमानातून जे चित्र घेण्यात आले, त्यात मका व सोयाबीन यांच्या रोपांनी जमिनीचा शेकडा पाच भागही झाकलेला नव्हता. उरलेला प्रकाश मातीचा व जुन्या धसकटांचा होता.

साधा कॅमेरा तांबडा, हिरवा व निळा असे प्रकाशाचे तीनच भाग पाहतो. त्या विमानातील ‘ॲव्हिरिस’ हे उपकरण मात्र ०.४ ते २.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या दृश्य व अवरक्त प्रकाशाचे २२४ भाग वेगवेगळे मोजते. त्यामुळे सुमारे २० मीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चित्रबिंदूचा संपूर्ण वर्णपट हाती येतो. अशा चित्रास अतिवर्णपटीय चित्र म्हणतात.

त्याचे वर्गीकरण करण्याची एक पद्धत म्हणजे विरल निरूपण होय. ज्या बिंदूंवरील पीक प्रत्यक्ष पडताळलेले आहे, त्यांच्या वर्णपटांचा प्रथम कोश करतात. मग अनोळखी बिंदूचा वर्णपट कोशातील नमुन्यांच्या प्रमाणबद्ध बेरजेने जुळवितात. अट एवढीच की, शेकडो नमुन्यांपैकी अगदी थोडे घ्यावयाचे. कारण वाटेल तितके घेतले, तर कशाचाही मेळ कशाशीही बसेल. त्यानंतर निवडलेल्यांपैकी केवळ मक्याचे नमुने ठेवून किती तफावत उरते, केवळ सोयाबीनचे ठेवून किती उरते, हे तपासतात. जेथे ती सर्वांत कमी, ते त्या बिंदूचे पीक.

२०११ मध्ये यी चेन, नासर नसराबादी व ट्राक ट्रान यांनी या पद्धतीत शेजारच्या बिंदूंचाही विचार केला. लगतचे बिंदू बहुधा एकाच पिकाचे असतात. म्हणून त्या सर्वांसाठी तेच थोडे नमुने, पण निरनिराळ्या प्रमाणात, घ्यावे असा नियम त्यांनी घातला. त्यामुळे तुरळक चुका बऱ्याच कमी झाल्या.

तथापि या उपायालाही मर्यादा आहे. इंडियानाच्या चित्रात सोयाबीनच्या एका वर्गाचे २,४५५ बिंदू नोंदलेले आहेत, तर ओट या धान्याचे अवघे २०. एवढ्या लहान तुकड्याच्या शेजारी बहुतेक अन्य पिकेच असल्याने त्याची ओळख पुसली जाण्याचा धोका राहतो. शिवाय कोशातील नोंदच चुकीची असेल, तर गणित ती चूक दुरुस्त करीत नाही. बांधावर जाऊन पीक पाहणाऱ्या व ते अचूक लिहून ठेवणाऱ्या माणसाचे काम म्हणूनच आजही टळलेले नाही.