झाडाच्या शेंड्याला पाणी कशामुळे पोहोचतं?

‘झाड केशाकर्षणाने पाणी वर चढवतं’ हे उत्तर परीक्षेत लिहून अनेकांनी गुण मिळवले आहेत. पण साधी आकडेमोड केली की ते टिकत नाही.

एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे 3 सेंटिमीटर चढतं. नळी दहापट बारीक केली, तर दहापट वर. नळीचा व्यास आणि पाण्याची उंची यांचं हे व्यस्त नातं जेम्स ज्युरिन यांनी 1718 मध्ये मांडलं. खोडातल्या 0.05 मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीला हा नियम लावला, तर पाणी 60 सेंटिमीटरवर थांबतं. आपल्या अंगणातल्या जास्वंदीलाही ते पुरणार नाही; कॅलिफोर्नियातला ‘हायपेरियन’ हा रेडवूड तर सुमारे 115 मीटर उंच आहे.

हवेचा दाब पाणी वर ढकलतो म्हणावं, तर त्याची धाव दहा मीटरपर्यंतच. शिवाय बारीक नळीत पाणी चढायला हवा लागतच नाही. निर्वातातही ते चढतं. काच पाण्याला ओढते आणि पृष्ठताण बाकीचं पाणी मागोमाग नेतो. पारा मात्र काचेला धरत नाही, म्हणून तो नळीत उलट खाली जातो.

आणखी एक समज असा, की नळी आखूड कापली तर पाणी वरून सतत वाहत राहील. तसं होत नाही. कडेला पोहोचताच पाण्याचा खोलगट पृष्ठभाग सपाट होत जातो आणि चढण थांबते. समईच्या वातीतून तेल येत राहतं, कारण टोकाला ज्योत ते जाळत असते.

झाडात ज्योतीचं काम ऊन करतं. पानातल्या पेशीभित्तिकांच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ होते, तिथला पृष्ठभाग आत वळतो आणि खालचा सगळा स्तंभ ओढला जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने तो तुटत नाही. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी 1894 मध्ये दिलेलं हे स्पष्टीकरण आजही मानलं जातं. म्हणजे केशाकर्षण झाडात आहेच, पण ते पानात! दहा नॅनोमीटर त्रिज्येचं छिद्र तत्त्वतः किलोमीटरभराहून उंच स्तंभ तोलू शकतं.

हा स्तंभ ताणलेला असतो, म्हणूनच फुलाचा देठ कापताच त्यात हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते. फुलदाणीत ठेवायच्या निशिगंधाचा देठ पाण्याखाली धरून कापावा.